तारेचा वेग आणि कारागिराची अमानत

ऊस-हंगामाच्या तोंडावर शेवगावच्या वेल्डिंग दुकानांसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. भेंडे, आदिनाथनगर, बोधेगाव या बाजूंच्या कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या या ट्रॉल्या. कोणाचा हूक तुटलेला, कोणाच्या चेसिसला चीर गेलेली. त्याखेरीज नांगर, फण, शटर, गेट, ग्रिल ही बारमाही कामे आहेतच. या धंद्यावर आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजी चालते. म्हणून या धंद्यात जे बदल होत आहेत त्यांचा विचार करणे आपल्याला भाग आहे.

आजवर आपले काम रॉडवर चालले. आता ‘सीओटू’ची यंत्रे तालुक्याच्या गावीही आली आहेत. यात रॉडऐवजी रिळावरची बारीक तार असते. लहान मोटर आणि रोलर ती तार गनमधून सतत पुढे ढकलतात आणि वितळणाऱ्या धातूवर वायूचे पांघरूण असते. पद्धत तशी नवी नाही. तार पुढे ढकलत वायूच्या आवरणात जोड घालण्याचे तंत्र अमेरिकेत १९४८ साली पुढे आले. १९५३ च्या सुमारास सोव्हिएत रशियातील तंत्रज्ञांनी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला, तेव्हापासून ते पोलादाच्या कामात पसरले. मोठ्या कारखान्यांतले आर्क वेल्डिंगचे रोबोही बहुतेक याच तत्त्वावर चालतात. शेवगावच्या दुकानातले यंत्र आणि वाळूजच्या कारखान्यातला रोबो हे एकाच घराण्याचे आहेत.

आपल्याकडे याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्र आले, आता कारागीर संपला. दुसरा म्हणतो, यंत्र घ्या, मग कोणताही पोरगा वेल्डर होतो. आमच्या मते दोन्ही मते चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे समजण्यासाठी यंत्राचे मर्म पाहावे लागेल, आणि ते मर्म तारेच्या वेगात आहे.

रॉडच्या यंत्रात आपण अँपिअर लावतो आणि आर्कची लांबी हाताने सांभाळतो. सीओटूमध्ये उलट आहे. यंत्र व्होल्टेज कायम ठेवते आणि मोटर ठरलेल्या वेगाने तार सोडते. करंट किती वाहील हे या वेगावर ठरते. तार जलद सोडली की करंट वाढतो, हळू सोडली की उतरतो. १.२ मिलिमीटरची तार मिनिटाला सुमारे चार मीटर सोडली, तर साधारण दीडशे अँपिअरच्या आसपास करंट मिळतो. हात थोडा खाली-वर झाला तरी आर्क आपोआप सावरतो. गन जवळ गेली की आर्क आखूड होतो, करंट वाढतो, तार लवकर वितळते आणि लांबी पूर्ववत होते. गन लांब गेली की याच्या उलट घडते. मात्र या सावरण्याला एक अट आहे. तार एकसारख्या वेगाने येत राहिली पाहिजे.

जाड तारेच्या, भुकटीखाली चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत आर्क असा आपोआप सावरत नाही. तिथे आर्कचे व्होल्टेज पाहून मोटरचा वेग कमी-जास्त करतात. रीत वेगळी असली तरी दोन्हीकडे सगळी भिस्त तार सोडण्याच्या शिस्तीवर आहे.

ही शिस्त कुठे बिघडते? स्वस्त यंत्रात मोटरला नुसता ठराविक विद्युत्पुरवठा दिलेला असतो. लाइन उतरली की मोटर मंदावते. गनच्या केबलला वळण पडले, लायनरमध्ये धूळ साचली, की ओढ वाढून वेग पुन्हा कमी होतो. यंत्राला त्याचा पत्ताच नसतो. चांगल्या यंत्रात मोटरचा खरा वेग सतत मोजला जातो आणि कमी पडला तर तत्काळ भरून काढला जातो. दुकानात मांडलेली दोन यंत्रे बाहेरून सारखी दिसतात. किमतीतला बराचसा फरक अशा आतल्या गोष्टींचा असतो.

वेग उतरल्याचा परिणाम काय? तार एकदम अडकली तर ती टिपलाच वितळून चिकटते, काम थांबते आणि नुकसान टिपपुरते राहते. खरा धोका आहे तो थोडा वेग उतरण्याचा. करंट कमी पडतो, वरून टाका भरतो, दिसायलाही साफ दिसतो, पण खालचे जाड पोलाद पुरते वितळलेले नसते. धातू धातूवर नुसता टेकलेला असतो. रॉडचा कच्चा जोड बऱ्याचदा दिसण्यातच ओळखू येतो. सीओटूचा कच्चा जोड देखणा असू शकतो. असा जोड ट्रॉलीच्या हूकला असेल आणि भरलेली ट्रॉली रात्रीच्या वेळी चढावर सुटली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल, हे सांगायला नको.

येथे हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे आणि असा माल झाकून विकणाऱ्याला आपल्यातून वेगळे ठरवणारे आपले पैगंबर (स.) होत. वेल्डिंगचा जोड ही तशीच रास आहे. गिऱ्हाईक वरचे पाहते, आतले फक्त कारागीर जाणतो आणि अल्लाह जाणतो. आतला ओलावा ठाऊक असून पैसे घेणे हे माप मारण्यापेक्षा वेगळे नाही. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि चिलखताच्या कड्या मापाने जोडण्याची त्यांना आज्ञा झाली, हे सूरह सबामध्ये आले आहे. लोखंड जोडणाऱ्याने माप सांभाळावे ही शिकवण इतकी जुनी आहे. आज ते माप तारेच्या वेगात आहे, एवढाच फरक.

तेव्हा यंत्र घेणाऱ्या बांधवांनी विक्रेत्याला काही प्रश्न आधी विचारावेत. मोटरचा वेग मोजून सावरण्याची सोय आहे काय? लाइन कमी-जास्त झाली तर तारेचा वेग कायम राहतो काय? रोलर दोन आहेत की चार? टिप, लायनर, रोलर हे सुटे भाग नगर किंवा संभाजीनगरात सहज मिळतात काय? आणि शेवटी, आपल्याच दुकानात, आपल्याच लाइनवर यंत्र चालवून दाखवाल काय? उत्तर देताना विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर स्वस्ताईला भुलू नये.

यंत्र आल्यावरही काळजी घ्यावीच लागते. साध्या पोलादी तारेला व्ही खाचेचा रोलर लागतो, आणि खाच तारेच्या मापाचीच हवी. रोलरचा दाब फार कमी असेल तर तार घसरते, फार जास्त असेल तर ती चेपते आणि लायनरमध्ये तिचा चुरा साचतो. रीळ उघडे ठेवले तर आपल्याकडील धूळ तारेवर बसते आणि पावसाळ्यात गंज चढतो. भोक मोठे झालेली टिप चार दिवस जास्त चालवून वाचणारे पैसे एका कच्च्या जोडात जातात. नव्या जाडीचे काम घेण्यापूर्वी भंगारातल्या तशाच तुकड्यावर जोड घालावा, तो घणाने मोडावा आणि आत पाहावे. याला दहा मिनिटे लागतात.

आता त्या दोन मतांकडे वळू. हे सर्व ऐकणे, पाहणे, ओळखणे यंत्राला जमत नाही. तार नीट येत असताना आर्कचा एकसारखा चरचराट असतो. तो तुटक झाला की जुना उस्ताद न पाहता सांगतो की काहीतरी अडते आहे. म्हणून कारागीर संपला हे खोटे, आणि कोणताही पोरगा वेल्डर होतो हेही खोटे. उघड्या शेतात वाऱ्यावर वायूचे आवरण टिकत नाही. तिथे रॉडच कामाला येतो, त्यामुळे जुनी विद्याही टाकून देण्याजोगी नाही. बदल झाला आहे तो इतकाच, की हाताच्या कसबाला आता यंत्राच्या ज्ञानाची जोड हवी. आपली मुले दुकानात हात बसवतात, पण कागद मिळवत नाहीत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. दुकानातला हात आणि संस्थेतला कागद दोन्ही असतील, तर तोच मुलगा वाळूज, सुपे, चाकणला किंवा आखाती देशांत कुशल कामगार म्हणून उभा राहील. एरवी तो हेल्परच राहील.

राहिला पैशाचा प्रश्न. बरे तीन-फेजचे यंत्र लाखाच्या घरात जाते. एकट्याला ते झेपत नाही, मग व्याजाचे कर्ज निघते आणि हप्ता भरण्यासाठी घाईची, कच्ची कामे होतात. यावर उपाय आपल्याच घरात आहे. तीन-चार दुकानदारांनी मिळून मुशारकतीने एक यंत्र घ्यावे. भांडवलाचे हिस्से लिहून ठेवावेत, नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे आणि नुकसान भांडवलाच्या हिश्श्याने सोसावे. किंवा एखाद्या व्यापारी बांधवाने मुदारबतीने भांडवल द्यावे आणि कारागिराने मेहनत द्यावी. मात्र सर्व कागदावर असावे. तोंडी भागीदारीने मैत्री आणि यंत्र दोन्ही मोडतात. यंत्राची जबाबदारीही एकाच माणसावर टाकावी. सर्वांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही, आणि मग लायनर कोणीच साफ करत नाही.

हंगाम दरवर्षी येतो. त्याआधी आपण एवढे ठरवू या की हूक, चेसिस, अ‍ॅक्सल अशा माणसांच्या जिवाशी संबंध असलेल्या जोडावर घाई करणार नाही, आणि ज्याची खात्री नाही ते काम गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून नाकारू. एखादे गिऱ्हाईक जाईल. पण ज्याच्या दुकानाचा जोड सुटत नाही अशी ख्याती होते, त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरून येतेच. बरकत त्यातच आहे. अल्लाह आपणा सर्वांना सचोटीने आणि हुशारीने कमावण्याची तौफीक देवो. आमीन.