आठवा वजीर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या जुना जालन्यातल्या घरी पुण्याहून पुतण्या आला. त्याच्या लॅपटॉपमध्ये 1993 सालचा एक जुना खेळ होता, ‘द सेव्हन्थ गेस्ट’. एका ओसाड वाड्यात फिरायचे आणि ठिकठिकाणी कोडी सोडवायची. वाडा भुताटकीचा, म्हणून आमच्या अम्मींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. आत कोडी आहेत हे कळल्यावर त्याही चष्मा लावून येऊन बसल्या.

त्यातल्या एका कोड्यात बुद्धिबळाचा पट येतो. त्यावर आठ राण्या अशा ठेवायच्या की कोणतीही राणी दुसरीच्या माऱ्यात येऊ नये. ही राणी म्हणजे आपला वजीर. तो उभा, आडवा, तिरपा, हवा तितका जातो.

मुले दीड तास झटली. सात वजीर बसत, आठव्याला घर उरत नसे. शेवटी पुतण्याने मोबाइलवर उत्तर शोधले, बघून बघून वजीर मांडले आणि तो पुढे निघाला. “झालं, चाचा!” आमची धाकटी लेक मात्र तिथेच अडली. “भाई, पण हे असंच का?” याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आमच्याकडेही नव्हते. दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने बॅटरीही संपली. लेकीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट आखला आणि दादींच्या डब्यातले आठ चिंचोके घेतले.

इथे एक कबुली द्यायला हवी. ही तीच मुलगी, जी नववीच्या सहामाहीत गणितात नापास झाली होती. आम्ही पेशाने शिक्षक, तरी घरात सगळ्यांसमोर तिला म्हणालो होतो, “तुझ्याने गणित होणार नाही.” तेव्हापासून तिने गणिताची वही आमच्यासमोर उघडली नव्हती. दहावीनंतर पुढे शिकायचे नाही, असेही ती दादींजवळ बोलून गेली होती.

चिंचोके मांडताना ती काय करते, ते आम्ही लांबून पाहत राहिलो. 64 घरांतून कोणतीही 8 घरे निवडायची म्हटली तर 442 कोटी 61 लाख 65 हजार 368 प्रकार होतात. पण एका आडव्या ओळीत दोन वजीर ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीत एकच. एवढ्या विचाराने प्रकार उरतात 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. उभ्या ओळीतही एकच, हे लक्षात घेतले की उरतात फक्त 40,320. त्यांतही तिरपा मारा चुकवणाऱ्या मांडण्या अवघ्या 92. हे आकडे तिला ठाऊक नव्हते, पण ओळीला एकच चिंचोका हे तिने आपले आपणच ठरवले होते.

तिने पहिल्या ओळीत पहिल्या घरात चिंचोका ठेवला. दुसऱ्या ओळीत तिसरे घर, तिसऱ्या ओळीत पाचवे, चौथ्या ओळीत दुसरे, पाचव्या ओळीत चौथे. सहाव्या ओळीत एकही घर मोकळे नाही! आम्हाला वाटले, आता ही सगळे उधळून उठेल. तिने फक्त पाचव्या ओळीतला चिंचोका उचलून आठव्या घरात ठेवला. तरी पुढे अडले. मग चौथ्या ओळीतला उचलला. थोड्या वेळाने म्हणाली, “अब्बा, जिथे अडतं तिथे चूक नसते. चूक आधीच झालेली असते.”

अगदी याच रीतीने संगणकही हे कोडे सोडवतो: पुढे जा, अडलास तर एक पाऊल मागे ये, दुसरे घर बघ. एड्सगर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने 1972 साली प्रोग्रॅम कसा लिहावा हे समजावताना हेच आठ वजीर घेतले होते. कोडे त्याहून जुने. 1848 साली मॅक्स बेझेल या जर्मन खेळाडूने ते मांडले आणि 1850 साली फ्रान्झ नाउक यांनी 92 उत्तरे दिली. गाऊससारख्या थोर गणितीनेही आरंभी कमीच मोजली होती.

बगदादच्या काळात मात्र हे कोडे होणेच शक्य नव्हते. तिथल्या शतरंजमध्ये फर्झ, म्हणजे वजीर, तिरपे एकच घर जाई. त्याला आजचे बळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाले. बगदादचे उस्ताद वेगळे कोडे घालत: घोडा 64 घरांतून फिरवायचा, पण कोणत्याही घरात दोनदा जायचे नाही. नवव्या शतकातल्या अल-अदलींचे नाव त्यासाठी आजही घेतले जाते.

दुसऱ्या दिवशी असरनंतर लेकीने हाक मारली. आठही चिंचोके जागेवर होते. पुतण्याने पडताळले आणि म्हणाला, “माझं उत्तर वेगळं होतं.” दोन्ही बरोबर होती. ती कॅलेंडरकडे बघत हसत होती.

तिचे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. ती अडली होती दहावीच्या उंबरठ्यावर, पण चूक आधीच, सहामाहीच्या त्या संध्याकाळी झाली होती, आणि ती आमची होती. रात्री जेवताना, सगळ्यांसमोर, आम्ही तिला म्हणालो, “बेटा, सहामाहीला आम्ही बोललो ते चुकलं. ते शब्द परत घेतो.” ती काही बोलली नाही. अम्मींनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आता ती दहावीत आहे. गणित अजून जडच जाते, पण वही आमच्यासमोर उघडते आणि अडले की विचारते. वर्गातही आम्ही एक गोष्ट बदलली आहे. उत्तर चुकले की लगेच फळ्यावर बरोबर उत्तर लिहीत नाही. “कुठपर्यंत बरोबर होतं?” एवढेच विचारतो. वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे पडतो, तरी विचारतो.

आपल्या घरीही पट आखून पाहा. चिंचोके नसतील तर तुरीचे दाणे चालतील. लेकीच्या उत्तराची सुरुवात देतो: पहिल्या ओळीत पहिले घर, दुसऱ्या ओळीत पाचवे, तिसऱ्या ओळीत आठवे. उरलेले पाच वजीर मुलांना बसवू द्या, आणि ती अडली तर तुम्ही हात घालू नका.