सनद आणि सांधा

आम्ही गांधीबागेंत राहतों. कापड विकत घेतांना येथील गिऱ्हाईक जी चिकित्सा करितें, ती पाहून कोणाहि परीक्षकानें खालीं मान घालावी. पोत बोटांनीं चाचपावयाचा, कांठ उजेडाकडे धरावयाचा, आणि मगच मोल बोलावयाचें! हातमागाच्या या गांवांत कारागिरीची पारख आहे, हें मान्य करावयास आमची हरकत नाहीं. परंतु हीच मंडळी मुलांच्या भवितव्याची चर्चा करूं लागली म्हणजे ती पारख कोठें लुप्त होते, कोण जाणे! एखादा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डिंग शिकून मुंबईच्या गोदींत जहाजें दुरुस्त करावयास जातों म्हणाला, कीं "बुद्धि बेताची दिसते" हें एकच वाक्य सर्वांच्या मुखीं येतें. या वाक्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिला आक्षेप असा कीं, हें केवळ हाताचें काम. त्यांत डोकें लागत नाहीं. असें म्हणणारांनीं जहाज सुक्या गोदींत आल्यावर काय घडतें, तें आधीं समजून घ्यावें. गंजून पातळ झालेला पत्रा कापून त्या जागीं नवा बसवावयाचा असतो. टाकीच्या पोटांत ज्वालाग्राही वायु उरला आहे काय, याची तपासणी झाल्यावांचून तेथें ठिणगी पाडतां येत नाहीं. वेल्डिंगचे रॉड भट्टींत तापवून कोरडे राखावे लागतात. कारण त्यांवरील लेपांत ओलावा राहिल्यास त्यांतील हायड्रोजन वितळलेल्या धातूंत शिरतो, आणि बाहेरून निर्दोष दिसणारा सांधा कांहीं तासांनीं, कधीं एकदोन दिवसांनीं, आंतल्या आंत तडकतो. उष्णतेनें पत्रा पिळवटूं नये म्हणून कोणता भाग आधीं जोडावयाचा व कोणता मागाहून, हा क्रम पाळावा लागतो. आणि हें सर्व पुष्कळदां उताणें पडून, डोक्यावरील सांध्यांतून वितळलेलें पोलाद ओघळूं न देतां करावयाचें! यास डोकें लागत नसेल तर तें कशास लागतें, हें आम्हांस कोणी समजावून सांगावें.

सांधा चुकला तर काय होतें, याचा दाखला इतिहासांत आहे. १९४३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें 'स्कनेक्टडी' हें नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत धक्क्याशीं उभें असतांनाच दुभंगलें. वादळ नव्हतें, शत्रूहि नव्हता. थंडींत ठिसूळ होणारें पोलाद हें एक कारण. सदोष वेल्डिंग हें दुसरें. रिव्हेटांच्या जहाजांत तडा बहुधा पत्र्याच्या कडेशीं थांबे. वेल्डिंगनें एकसंध झालेल्या जहाजांत तो पुढें धांवत जातो. शेकडों माणसांचा जीव ज्याच्या सांध्यावर अवलंबून, त्याची बुद्धि बेताची ठरविणारे आम्ही कोण?

आतां सनदेची गोष्ट. आम्ही पदवीधर आहों. तीस वर्षांपूर्वीं मिळालेली आमची पदवी, त्यानंतर एकहि ग्रंथ उघडला नसता, तरी आज तितकीच शाबूत राहिली असती. वेल्डरचें तसें नाहीं. कोणत्या स्थितींत व कोणत्या पद्धतीनें तो सांधा जोडूं शकतो, याची परीक्षा त्यास द्यावी लागते. त्याचा सांधा वांकवून, तोडून किंवा क्ष-किरणांखालीं धरून पाहतात. सर्वत्र मानल्या जाणाऱ्या नियमावलींप्रमाणें सहा महिने त्या पद्धतीचें काम हातून झालें नाहीं, तर ती पात्रता संपते. हाच नियम महाविद्यालयांतील अध्यापकांस लावला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, याचा हिशेब वाचकांनींच करावा!

विद्या आणि गोदी यांत वैर आहे, हा समजहि अज्ञानमूलक होय. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेलेले पहिले भारतीय अर्देशर कर्सेटजी वाडिया हे मुंबईच्या गोदींत तयार झालेले अभियंते होते. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हावयास तेव्हां सोळा वर्षें अवकाश होता! त्यांच्याच घराण्याच्या देखरेखीखालीं मुंबईंत बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली, ती आज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें जतन केलेली आहे. माझगांव गोदींत बांधलेली 'निलगिरी' १९७२ सालीं नौदलांत दाखल झाली. कोचीन येथें स्वदेशी पोलादाची 'विक्रांत' २०२२ सालीं सिद्ध झाली. त्या सोहळ्यांचीं छायाचित्रें आम्ही अभिमानानें पाहतों. सांधे कोणी जोडले, हें मात्र विचारीत नाहीं.

दुसरा आक्षेप यंत्राचा. लांब, सरळ सांधे यंत्र जोडतें, हें खरें. परंतु जुन्या जहाजाच्या अडचणीच्या कोपऱ्यांत, जेथें प्रत्येक पत्रा निराळ्या तऱ्हेनें झिजलेला, तेथें अजून माणसाचा हातच लागतो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे: हें काम धोक्याचें आहे. आहेच. त्या प्रकाशानें डोळे पोळतात. आणि वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ सालीं दिला. परंतु यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? धूर ओढून घेणारीं यंत्रें आणि श्वासाचे मुखवटे प्रत्येक कंत्राटी कामगारासहि मिळालेच पाहिजेत, हा. कीं हें काम हलक्या माणसांनीं करावें, हा? आमच्या वर्गानें दुसराच काढला, आणि तो बिनबोभाट काढला. कारण त्या धुरांत आमचीं मुलें नसतात. ज्या कामाची आम्ही प्रतिष्ठा ठेवीत नाहीं, तें करणाऱ्याच्या फुप्फुसांचीहि आम्ही चौकशी करीत नाहीं. कामाच्या तुच्छतेचा खरा दोष हाच. बाकीचा केवळ असभ्यपणा.

तेव्हां आमचें मागणें थोडें आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी उद्यां गोदीकडे जाऊं म्हणेल, तेव्हां दहावीचे गुण विचारूं नका. कोणती परीक्षा दिली, सांधा कसोटीस उतरला काय, आणि तेथें धुराची व्यवस्था कशी आहे, एवढें विचारा. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तें मूल देईल. तिसऱ्याचें उत्तर मागणें हें सुशिक्षितांचें काम आहे. आणि तें आजवर आम्हीं केलेलें नाहीं.