शापित पोशाख आणि समीक्षेची सोय

पीटर स्ट्रिकलंड यांच्या ‘इन फॅब्रिक’ (२०१८) या ब्रिटिश चित्रपटाची बोळवण सामान्यतः दोन प्रकारे केली जाते. एक पक्ष त्याला ‘विक्षिप्त’ ठरवतो, त्यातील रंग-ध्वनींचे कौतुक करतो आणि आशय हाती लागत नाही म्हणून हळहळतो. दुसऱ्या पक्षाला आशय तत्काळ सापडतो : शापित लाल पोशाख म्हणजे क्रयवस्तू, तो विकणारे दुकान म्हणजे बाजारपेठ, आणि चित्रपट म्हणजे उपभोगवादाचा उपहास. ही वाचने परस्परविरोधी दिसत असली, तरी अद्भुताला अद्भुत म्हणून सामोरे जाण्याचे दोन्ही पक्ष सारखेच टाळतात.

दुसऱ्या वाचनाला प्रतिष्ठा अधिक, म्हणून ते आधी तपासू. नैतिक उपहासाला न्यायाची किमान चौकट लागते. लोभ्याला लोभाचे फळ मिळावे लागते. शीला ही नवऱ्यापासून विभक्त झालेली बँक-कर्मचारी. एका अनोळखी पुरुषाला प्रथमच भेटायला जायचे म्हणून ती सेलमध्ये हा पोशाख घेते. एवढाच तिचा उपभोगवाद. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या रेजने तर तो विकतही घेतलेला नाही. लग्नाआधीच्या मेजवानीत मित्र थट्टेने तो त्याच्या अंगावर चढवतात. दोघेही मरतात. खरेदी न करणाराही मरत असेल, तर खरेदी हे पाप आणि मृत्यू ही शिक्षा, हे समीकरण टिकत नाही. अन्योक्तीपर वाचन अद्भुताला मारक ठरते, हे त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. क्रयवस्तूचे गूढ उकलताना मार्क्सने ‘भांडवल’मध्ये (१८६७) नाचणाऱ्या टेबलाची प्रतिमा योजली, तेथे नाच हा दृष्टान्त होता. स्ट्रिकलंड यांचा पोशाख मात्र खरोखरच हवेत तरंगतो.

‘आशयहीन शैली’ हा पहिल्या पक्षाचा आक्षेप तर चित्रपटातील माणसांचे बोलणे न ऐकताच घेतलेला दिसतो. दुकानातील मिस लकमूर ही विक्रेती ग्राहकाशी आलंकारिक, पोथीवजा भाषेत बोलते. बँकेचे अधिकारी शीलाला बोलावून, तिच्या हस्तांदोलनात पुरेसा अर्थ नाही, अशी अत्यंत सौजन्यपूर्ण समज देतात. रेज वॉशिंग मशीनमधील बिघाडाचे एकसुरी तांत्रिक वर्णन करू लागला, की ऐकणारे गुंगून जातात. या तिन्ही बोलींत शब्द अर्थाने काम करीत नाहीत, उच्चाराने करतात. आपल्या परंपरेत अशा शब्दाला मंत्र म्हणतात. जारणमारण पोशाखात असेल, तर ते विक्रीच्या काउंटरवर आणि बँकेच्या केबिनमध्येही आहे. म्हणूनच आपण जेथे हसतो तेथेच दचकतो. हा कृष्णविनोद भयाला लावलेली झालर नव्हे. भय आणि हसू यांचा उगम येथे एकच आहे. जी शैली हा उगम दाखवते, तिलाच निराशय ठरवणे म्हणजे आशय केवळ सारांशातच असतो असे मानणे होय.

मराठी समीक्षेलाही ही सवय परकी नाही. कथेत भूत आले, की ते कोणत्या सामाजिक वास्तवाचे प्रतीक, हा प्रश्न आपण वर्गात पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. उत्तर मिळाले, की भूत संपते आणि कथाही. प्रश्न गैर नाही, त्याची घाई गैर आहे.

चित्रपटाच्या शेवटी दुकानाच्या तळघरात शीला, रेज आणि अन्य मृत माणसे तसेच लाल पोशाख शिवत बसलेली दिसतात. मृत्यूनेही त्यांची सुटका झालेली नाही, आणि ही वेळ आपल्यावर का आली, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. शीलाचा कोणताही अपराध या यातनेच्या मापाचा नाही. भय आहे ते याचेच. तिच्या मरणाला ‘उपभोगवाद’ हे कारण चिकटवणारी समीक्षा चिकित्सक वाटते खरी. प्रत्यक्षात ती निरपराध स्त्रीवर अपराध लादून दुकानाला दोषमुक्त करते.