कोंबुचाला फेस का येत नाही?

“चव छान येते हो, पण सोड्यासारखा फेस काही येत नाही!” घरी कोंबुचा करणाऱ्या मैत्रिणींची ही तक्रार हल्ली वरचेवर कानावर येते. कोंबुचा म्हणजे विरजण लावून आंबवलेला गोड चहा. बरणीच्या तोंडाला फडके बांधलेले असते, त्यातून गॅस निघून जातो. त्यामुळे बरणीत फेस नसणारच. तो मिळवायचा पुढे, बाटलीला झाकण लावल्यावर.

यीस्टला साखर मिळाली की ते गॅस सोडते. म्हणून फार आंबट होईपर्यंत वाट पाहू नये, थोडा गोडवा असतानाच पेय बाटलीत भरावे. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा पाचव्या दिवसापासूनच चव बघायला लागावे. पुढच्या खेपेचे विरजण आधी काढून ठेवावे आणि मग बरणी लाकडी चमच्याने हलकेच ढवळावी. यीस्ट तळाशी बसते. वरचे निवळ तेवढे ओतले तर बाटलीत साखर असून ती खायला कोणी नाही, असे होते!

लिटरभर पेयाला अर्धी वाटी डाळिंबाचा ताजा, गाळलेला रस पुरतो. सांगोल्याकडची डाळिंबे असताना दुसरे फळ कशाला शोधायचे? सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हा रस गोड असतो, उन्हाळ्यात वेगळी साखर मुळीच घालू नये. टिकण्यासाठी औषध घातलेला विकतचा रसही नको, त्याने यीस्ट दबते.

आता बाटली. इथे मात्र काटकसर नको. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मे महिन्यात सॉसच्या रिकाम्या बाटलीत कोंबुचा भरून तीन दिवस ओट्यावर ठेवला. भर दुपारी बाटली फुटली आणि काचा पार देवघरापर्यंत उडाल्या. मुले बाहेर खेळत होती म्हणून निभावले. गोटी सोड्याची बाटली इतकी जाडजूड असते ती उगीच नाही. आतल्या गॅसचा दाबच तिची गोटी वर धरून ठेवतो. घरी सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली सर्वांत बरी. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. वर दोन बोटे जागा ठेवून झाकण घट्ट लावावे आणि सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून पाहावी. दुकानातल्या सोड्यासारखी टणक लागली की तडक फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होते, थंडीत चार-पाच दिवस लागतात. बाटली टणकच होत नसेल तर आधी झाकण तपासावे, बहुधा तिथूनच गॅस निसटतो.

आणि घाईने उघडू नका. गार पेयात गॅस मुरून राहतो. कोमट असताना झाकण काढले तर सगळा फेस मोरीत आणि पेल्यात नुसता आंबट चहा. निदान रात्रभर गार करून, बेसिनवर धरून, झाकण थोडे थोडे सैल करावे. वीज बराच वेळ गेली तर फ्रिजमधल्या बाटल्याही दाबून पाहाव्यात.

या पेयात थोडा मद्यार्क तयार होतो, म्हणून गरोदर बायकांना, लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना ते देऊ नये. त्यांच्यासाठी डाळिंबाचा थोडा रस बाजूला काढून ठेवावा.