मोळी पडण्याआधीचा हिशेब

साखर कारखान्यात शेतकी अधिकाऱ्याने ऊस पाहायचा, चीफ इंजिनीअरने मिल, चीफ केमिस्टने उतारा आणि पैशाचे अकाउंट्सवाल्यांनी, ही वाटणी पूर्वापार चालत आली आहे. प्रत्यक्षात कारखान्याचा बहुतेक पैसा पहिल्या तिघांच्या निर्णयांनी खर्च होतो. अकाउंट्स खाते त्याची नोंद ठेवते, तीही खर्च होऊन गेल्यावर.

रोज ५,००० टन गाळणारा कारखाना घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, टनामागे ३,५५० रुपये. म्हणजे एका दिवसाच्या गाळपाचे देणे पावणेदोन कोटींच्या वर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ते १४ दिवसांत चुकते करायचे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. या उताऱ्याने एका टन उसातून साखर निघते १०२.५ किलो. २०१९ साली ठरलेला किलोमागे ३१ रुपयांचा किमान विक्री दर धरला, तर हाती येतात सुमारे ३,१७७ रुपये. बाजारभाव याहून चढा असू शकतो, मळी, बगॅस, इथेनॉलचेही उत्पन्न असते, हे खरे. पण साखर १४ दिवसांत विकली जात नाही. किती विकायची याचा महिन्याचा कोटा केंद्र सरकार ठरवते. मधल्या काळात साखर बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढायचे आणि व्याज भरत बसायचे. म्हणून वर्षाचे अंदाजपत्रक कितीही देखणे असले तरी उपयोगाचे नाही. रोकड कधी येणार आणि कधी जाणार, हे पंधरवड्या-पंधरवड्याने मांडावे लागते.

आता शेतकी खात्याकडे पाहा. हंगामाच्या कितीतरी आधी वाहतूकदारांना आणि ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते. किती टोळ्यांशी करार करायचा, कोणाला किती द्यायचे, मागची थकबाकी असणाऱ्याला पुन्हा उभे करायचे का, हे शेतकी अधिकारी ठरवतो. टोळी आलीच नाही, तर ती रक्कम ताळेबंदात वर्षानुवर्षे ‘येणे’ म्हणून पडून राहते. कागदावर मालमत्ता, खरे तर बुडीत. हा निर्णय कर्ज देण्याचाच आहे. पण तो घेणाऱ्याला जुनी येणी वयवार कशी लावायची, हे सहसा कोणी शिकवलेले नसते.

नियंत्रणाचेही तेच: आकडा ज्याच्या हातात, त्याला त्याची किंमत दिसत नाही. उतारा ०.१ टक्क्याने घसरला, तर ५,००० टनांमागे दिवसाला ५० क्विंटल साखर कमी. किमान दरानेही दीड लाखाचा फटका. चीफ केमिस्टला ०.१ दिसतो, अकाउंटंटला दीड लाख, तोही महिनाअखेरीस. दोन्ही आकडे रोजच्या गाळप अहवालात शेजारी-शेजारी छापायला फारसा खर्च येत नाही.

अधिकाऱ्यांना दोन दिवस हॉटेलात बसवून गुणोत्तरांच्या स्लाइड दाखवणाऱ्या प्रशिक्षणांवर आमचा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा त्यांच्याच खात्याचे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत: गाळप असो-नसो चालूच राहणारा खर्च कोणता, टनामागे वाढणारा कोणता, स्टोअरमध्ये सुट्या भागांत किती रक्कम अडकली आहे. दर पंधरवड्याच्या बैठकीत अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा खुलासा ज्या त्या खातेप्रमुखाने करावा. चीफ अकाउंटंटने त्या बैठकीत उत्तरे देण्याऐवजी प्रश्न विचारावेत.