खरवड कुणाच्या पानात?

भाताची खरवड घरात कोण खातं, यावरून त्या घराबद्दल बरंच काही कळतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा आईच्या नाहीतर आजीच्या वाट्याला येते. सगळ्यांची जेवणं उरकली की बुडाला चिकटलेला भात उलथन्यानं खरवडायचा, वर ताक ओतायचं, झालं जेवण. याला कुणी अन्याय म्हणत नाही. ‘तिला आवडते’ म्हणतात.

इराणात याच खरवडीला ‘तहदीग’ म्हणतात. तह म्हणजे तळ आणि दीग म्हणजे भांडं. आपली देग तीच. तिथं ती मुद्दाम सोनेरी, कुरकुरीत करतात आणि पाहुण्यांपुढे मानानं ठेवतात. शेवटच्या तुकड्यावरून घरात भांडणंही होतात. पदार्थ तोच, फक्त मान वेगळा.

आम्हा हैदराबादकरांना फारसी अन्न परकं वाटायला नको. १८८०च्या दशकापर्यंत निजामाच्या दरबाराची भाषा फारसीच होती. पुलाव आणि बिर्याणी हे शब्द तिकडूनच आले. ‘दम’ म्हणजे फारसीत श्वास. पण आपण मटणाशिवाय त्या भाताची कल्पनाच करत नाही, आणि ‘व्हीगन’ म्हटलं की श्रीमंतांचं खूळ समजतो. म्हणूनच ‘अदस पोलो’ करून बघा म्हणते. अदस म्हणजे मसूर. इराणात त्यासोबत मांसही देतात, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. तुपाऐवजी तेल घेतलं की झालं. भात आणि मसूर एकत्र आले की एकातली प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. हे आपल्या खिचडीलाही ठाऊक आहे.

चौघांसाठी २ वाट्या बासमती मिठाच्या पाण्यात तासभर भिजवा. १ वाटी अख्खा मसूर शिजवून घ्या, पण गाळ होऊ देऊ नका. भरपूर उकळत्या पाण्यात तांदूळ ५-६ मिनिटं उकळा. शीत बाहेरून मऊ, आत किंचित कच्चं राहिलं की वेळून टाका. कांदा तेलात लाल परता, त्यातच मूठभर मनुका, ५-६ खजुरांचे तुकडे आणि दालचिनीची पूड घाला. जाड बुडाच्या पातेल्यात ३ मोठे चमचे तेल आणि चिमूटभर हळद घालून बटाट्याच्या पातळ चकत्या पसरा. वर भात, मसूर आणि कांद्याचं मिश्रण असे थर डोंगरासारखे रचा. चमच्याच्या दांड्यानं वाफेसाठी ४-५ भोकं पाडा. झाकणाला स्वच्छ फडकं गुंडाळा, टोकं वर बांधा म्हणजे पेटणार नाहीत. फडकं वाफेचं पाणी शोषून घेतं, म्हणून भात गिचका होत नाही. ७-८ मिनिटं मध्यम आंच, मग ४० मिनिटं अगदी मंद. शेवटी पातेलं मिनिटभर थंड पाण्याच्या परातीत ठेवा, बूड सुटतं. मग ताटात उपडं करा.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणारे बहुतेक मुलगेच असतात, हे मी बघितलंय. खरं तर त्या ४० मिनिटांत काहीच करायचं नसतं, फक्त झाकण उघडायचं नसतं. अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसता येतं. शिवाय सगळं सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. केशर नसलं तरी हळदीवर भागतं.

आईबद्दल कृतज्ञतेच्या कविता आपल्या मंडळात दरवर्षी येतात. छान असतात. पण एका रविवारी हा भात करा, तिला आधी बसवा आणि बुडाचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा पहिल्यांदा तिच्या पानात वाढा. ती ‘तुम्ही घ्या आधी’ म्हणेलच. तेव्हा ऐकायचं नाही, एवढंच.