मुख्य गडी विश्रांतीला

आमच्या घरात फुटबॉलचे दोन पक्ष आहेत. एक नातवाचा, दुसरा माझा. आमची ही तटस्थ आहे, म्हणजे वाद विझायला आला की काडी सरकवण्याचे काम तिच्याकडे असते.

गोष्ट 9 फेब्रुवारी 2025 ची. रविवारची रात्र, पानावर गरम खिचडी, आणि समोर टीव्हीवर इंग्लंडातल्या एफ. ए. कपाचा सामना : लिव्हरपूल विरुद्ध प्लिमथ. लिव्हरपूल तेव्हा तिकडच्या लीगमध्ये सर्वांत वर. प्लिमथ त्याखालच्या लीगमध्ये सर्वांत तळाला. मी चष्मा पुसून पाहिले, तर लिव्हरपूलच्या संघात ओळखीचा चेहरा दिसेना.

“अरे, तुझा तो सालाह कुठाय?”

“त्याला विश्रांती दिलीय आजोबा.”

“आजारी आहे का?”

“छे! ठणठणीत आहे. पण आज कपाची मॅच ना!”

वाचकहो, हे ‘पण’ माझ्या घशात खिचडीसारखे अडकले. तीन दिवसांपूर्वी जो संघ खेळला होता, त्यातले दहा गडी मॅनेजर आर्ने स्लॉट यांनी बदलले होते. सालाह आणि व्हॅन डाइक तर प्लिमथला आलेच नव्हते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उत्तरार्धात रायन हार्डीने पेनल्टीवर गोल केला आणि तळाच्या संघाने वरच्या संघाला 1–0 ने घरी पाठवले. गंमत अशी, की दुखापती टाळण्यासाठी एवढा खटाटोप, आणि सुरुवातीच्या दहा-अकरा मिनिटांतच लिव्हरपूलचा गोमेझ लंगडत बाहेर पडला!

“घ्या विश्रांती!” मी म्हणालो.

नातू ऐकणारा नव्हे. त्याने हिशेब मांडला. लीगचे अडतीस सामने, वर युरोपातली स्पर्धा, त्याशिवाय लीग कप आणि हा कप. प्रीमियर लीगमधल्या संघाला तिसऱ्या फेरीपासून खेळूनही एफ. ए. कपासाठी सहा सामने जिंकावे लागतात. बुधवारी खेळलेले पाय शनिवारी पुन्हा पळवले की मांडीमागचा स्नायू कुरकुरू लागतो. आणि लीगमधून खालच्या वर्गात घसरण झाली तर क्लबचे उत्पन्न कोसळते. “तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?” हा त्याचा शेवटचा हुकमी पत्ता.

त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी त्याला सांगितले नाही, तुम्हाला सांगतो. डिसेंबर 2009 मध्ये वुल्व्ह्‌सच्या मिक मॅकार्थींनी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, आणि तेही चक्क लीगच्या सामन्यात, दहा गडी बदलले. सामना 3–0 ने गेला. पैसे मोजून आलेले प्रेक्षक संतापले आणि लीगने पंचवीस हजार पौंडांचा, तहकूब ठेवलेला का होईना, दंड ठोठावला. परंतु पाचच दिवसांनी ताज्या पायांनी त्यांनी बर्नलीला हरवले, आणि त्या मोसमात संघ वरच्या लीगमध्ये टिकला. गृहस्थाचे गणित चुकले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

विगनचे उदाहरण उलट्या बाजूचे. 11 मे 2013 रोजी त्यांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफ. ए. कप जिंकला आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून ते लीगमधून खाली गेले. मला विचाराल तर मी तो कप घेईन. लीगमध्ये सतरावे राहिलो, हे नातवंडांना कौतुकाने सांगणारा आजोबा माझ्या पाहण्यात नाही.

पण नातवाला गप्प करायला मी दुसरेच शस्त्र काढले. 2000 साली मँचेस्टर युनायटेडने, कप त्यांच्याच कपाटात असताना, त्या मोसमाच्या स्पर्धेत भागच घेतला नाही. संघ ब्राझीलला दुसरी स्पर्धा खेळायला गेला. 1871 पासून चालत आलेल्या स्पर्धेशी असे वागायचे? आमच्या मुंबईचा रोव्हर्स कपही 1891 पासूनचा. कुपरेजवर कलकत्त्याचे संघ आले की आम्ही कचेरीतून पळत सुटायचो. तो कप या शतकाच्या आरंभी बंद पडला. कारणे निराळी होती, परंतु कपसुद्धा मरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

“मग 4 फेब्रुवारी 2020?” नातू म्हणाला. या पोराला तारखा परीक्षेतल्या आठवत नाहीत, या बरोबर आठवतात. त्या दिवशी लिव्हरपूलचा श्रूझबरीशी पुन्हा सामना होता. मोठ्या संघाची सुट्टी, म्हणून मॅनेजर क्लॉप स्वतःही आले नाहीत. मैदानात सारी विशी-बाविशीच्या आतली पोरे, आणि बाकावर पोरांचेच प्रशिक्षक क्रिचली. तरी ॲनफील्ड प्रेक्षकांनी भरले होते, आणि पोरे 1–0 ने जिंकली. “मोठे खेळले असते तर या पोरांना ती रात्र मिळाली असती का?”

इथे मी पाणी प्यायलो. हिने तेवढ्यात काडी सरकवली.

“अहो, त्याला परळची मॅच सांगा ना.”

परळची मॅच मी गेली चाळीस वर्षे कुणाला सांगितलेली नाही. कचेरीच्या संघात मी दोन मोसम होतो, ते बहुतांशी लिंबाच्या फोडी सांभाळायला. एकदा कपाच्या सामन्याला आमच्या कप्तानाने, रविवारी लीगचा मोठा सामना म्हणून, सेंटर फॉरवर्डला बसवले आणि मला बूट घालायला सांगितले. फुटबॉलला ‘चिखलातली लाथाळी’ म्हणणारे आमचे वडील त्या दिवशी, कोणाकडून कळले देव जाणे, दादरहून आले आणि धोतराचा सोगा सावरीत कोपऱ्यात उभे राहिले. आम्ही तीन गोलांनी हरलो. त्यातला एक तरी मी फेडायला हवा होता. गोलकीपर पडलेला, समोर जाळे मोकळे, आणि मी चेंडू रस्त्यावर धाडला. वडील एवढेच म्हणाले, “गुडघ्याला आयोडीन लाव.” पण चाळीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होते, की मुलगा पूर्ण वेळ खेळला. ते पुन्हा कधी सामन्याला आले नाहीत, आणि मलाही पुन्हा कुणी उतरवले नाही.

माझे मत तरी अजून तेच आहे. दोघा-तिघांना बसवा, दहा जणांना एकदम बसवू नका. चार जाणते मैदानात असले तर नव्यांना आधार असतो. आणि कोण खेळणार नाही हे तिकीट विकण्याआधी सांगा. फराळाला हीसुद्धा शंकरपाळ्या सुनेवर सोपवते, पण अनारशांच्या कढईपाशी स्वतः उभी राहते.

हे सारे मी नातवाला समजावीत होतो, पण त्याचे लक्ष भलतीकडेच.

“म्हणजे आजोबा, तुम्ही राखीव होतात?”

“पूर्ण वेळ खेळलो,” मी म्हणालो.